कृत्तिका बुडेपर्यंत

कृत्तिका बघायच्या असतील तर माघात बघाव्यात. दिवेलागण होऊन गेली, पश्चिमेची लाली निवली, की अंगणात उभं राहून मान सरळ वर करायची. डोक्यावरच, जराशा उत्तरेला, चांदण्यांचा मूठभर पुंजका दिसतो. नवख्याला तो ढगाचा कपटा वाटतो, किंवा चष्म्याच्या काचेला बोट लागलंय असं वाटतं. रोखून पाहिलं तर तो पुसट होतो आणि नजर किंचित बाजूला ठेवली तर उजळतो. पाहुण्यांसमोरच्या लहान मुलासारखं त्याचं आहे. त्याच्याकडे बघायचं नाही, म्हणजे तो आपणहून पुढे येतो. साध्या डोळ्यांना सहा चांदण्या मोजता येतात. ज्यांना सात दिसतात ते हयातभर तसं सांगत फिरतात. माझा धाकटा भाऊ त्यांतला.

बाकीच्या महिन्यांत दिसत नाहीत असं नाही. कार्तिकात त्या सांजेलाच पूर्वेला उगवतात, पण तेव्हा फार खाली असतात, चुलींच्या धुरात. पौषात छान दिसतात, पण थंडीत मान वर करून उभं राहायची हौस किती जणांना असते? फाल्गुनात त्या पश्चिमेकडे कलतात, चैत्रात जेवणं उरकेपर्यंत जायच्या बेतात असतात आणि वैशाखात तर सूर्यच त्यांच्या घरी मुक्कामाला येतो, तेव्हा त्या कुणालाच दिसत नाहीत. पुढे ज्येष्ठात पहाटे पूर्वेला पुन्हा येतात, पण तोवर आभाळ भरलेलं असतं. म्हणून माघ.

हे सगळं मी परवा खालच्या मजल्यावरच्या मुलीला गच्चीत उभं राहून सांगितलं. तिच्या मामानं तिला दुर्बीण दिली आहे. ती आकाशात काय शोधायचं याची चौकशी करत होती आणि आमच्या इमारतीत रिकामी म्हातारी मी एकटीच. दुर्बिणीतून मीही पाहिलं. सहाच्या जागी साठ चांदण्या, निळसर, एकमेकींना खेटून बसलेल्या. मला पाहून आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण दुर्बीण परत देताना मनात जे आलं ते चांदण्यांबद्दल नव्हतं, पाण्याबद्दल होतं. कृत्तिका म्हटलं की मला अजून पाटाच्या पाण्याचा आवाज येतो.

पन्नासच्या दशकाच्या मधली वर्षं ती. माझं माहेर लासुर्णे आणि शेळगावच्या मधल्या एका वस्तीवर. कालव्याच्या पाण्यावर आमची बागायत. माळ्याचं घर, त्यामुळे भाजीपाला हा आमचा धर्मच म्हणायचा. माझे वडील गेल्यावर थोरल्या भावानं, दादानं, तोच पुढे चालवला. वांगी, मिरची, कांदा. बारामतीच्या बाजारात त्याच्या वांग्यांना नाव होतं आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं. धाकटा बापू वेगळ्या वळणाचा. साखर कारखान्याच्या धुराड्याकडे बघत वाढलेला. त्याला ऊस करायचा होता. एकदा तोडून गाडी भरून दिली की काम फत्ते, रोज उठून वांगी मोजत बसायचं कुणी, असं त्याचं म्हणणं. एकाला उसाचा राग, दुसऱ्याला वांग्यांचा. भांड्याला भांडं लागतंच. आमच्याकडे ते लागलं आणि थांबलंच नाही.

पहिल्या बाळंतपणाला मी मार्गशीर्षात माहेरी आले, तर घरातून दोन धूर निघत होते. ओसरीच्या एका अंगाला दादा-वहिनीची चूल, दुसऱ्या अंगाला आई बापूपुरतं रांधत होती. बापूचं अजून लग्न व्हायचं होतं. लग्नाआधी वाटणी म्हणजे गावात नाक कापल्यासारखंच, पण दोघांनाही नाकापेक्षा तोंड प्यारं होतं, आणि तेही बंद ठेवण्यापुरतं. अबोला. दादा काही म्हणायचं असलं तर भिंतीकडे बघून म्हणायचा. बापू म्हशीला सांगायचा. आई मध्ये उभी राहून दोन्हीकडचं ऐकायची आणि कुणाचंच कुणाला पोचवायची नाही. त्यामुळे निदान मारामारी झाली नाही.

वाटणी करताना जमीन सरळ वाटली गेली. वरची पट्टी दादाची, खालची बापूची. बैलजोडीही वाटली, म्हणजे एक बैल दादाच्या दावणीला, एक बापूच्या. मग दोघांनीही आपापल्या एका बैलासाठी शेजाऱ्यांशी वारंगुळा केला. तुमचा एक बैल, आमचा एक, आळीपाळीनं औत. घरची जोडी घरात उभी आणि दोघांच्या औताला परका बैल. आमच्या आईला त्या बैलांचं फार वाईट वाटायचं. मुलांपेक्षा जास्त, असं मला तेव्हा वाटे.

पाणी मात्र वाटता येईना. कालव्याची पाळी दहा-बारा दिवसांनी यायची आणि त्या हंगामात आमच्या वस्तीला रात्रीची लागली होती. दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत पाणी आमचं. त्यातलं कुणाचं किती? माघ नुकताच लागला होता. माझी मुलगी तेव्हा पुरत्या महिन्याचीही नव्हती. मी आतल्या खोलीत बाजेवर, बाजेखाली शेगडी, अंगाला वेखंडाचा वास, आणि बाहेर अंगणात पंच म्हणून शेजारच्या वस्तीवरचे तात्या येऊन बसलेले. भिंतीतून सगळं ऐकू येत होतं.

तात्या म्हणाले, "घड्याळ घ्या की एक. काटा सांगंल तसं पाणी फिरवा."

दादा भिंतीकडे बघून बोलला असणार. "घड्याळाला चावी देनारा हात कुनाचा? ज्याच्या हातात चावी, त्याचीच रात मोठी."

"मग कारखान्याचा भोंगा हाय की. रातच्याला वाजतूच," तात्या म्हणाले.

"कारखाना उसवाल्यांचा. भोंगा बी त्यांचाच बोलनार."

यावर बापू म्हशीला म्हणाला, "मग काय आभाळातनं देव येनार हाय का सांगायला?"

मग दादाचा आवाज आला. आता तो वर बघत असावा. "ती किर्तिका हाय. ती बुडंस्तवर पाणी वरच्या पट्टीला. बुडाली की खालच्या पट्टीला. तिला कुनाला चावी देता येत न्हाय."

तात्यांनी हिशेब केला. कृत्तिका तेव्हा बरोबर रात्रीच्या मध्यावर बुडत होत्या. अर्धी रात्र दादाची, अर्धी बापूची. याहून न्यायाची गोष्ट कोणती? तात्या खूश झाले, बापूही "हं" म्हणाला, आणि आईनं सगळ्यांना गुळाचा चहा दिला. शब्द झाला.

आता राहिला प्रश्न, कृत्तिका बुडाल्या हे ठरवायचं कुणी आणि कुठून. वरच्या पट्टीवरून पश्चिम मोकळी दिसते. खालच्या पट्टीवर बांधाची चिंच आड येते. एकाला त्या बुडालेल्या दिसणार तेव्हा दुसऱ्याला त्या टांगलेल्याच. दोघं आपापल्या बांधावर उभे राहून दोन वेगवेगळी आकाशं बघणार. तात्यांनी तोड काढली. बाळंतीण जागीच असते, तिच्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे, तिनं सांगावं. आईनं अंगणात जाऊन हाळी द्यावी. आईला चांदणीच काय, समोरचा कंदीलही धड दिसत नसे, त्यामुळे तिच्यावर पक्षपाताचा आळ यायची भीती नव्हती. अशा रीतीनं मी आमच्या घरचं घड्याळ झाले, आणि मला चावी मुलगी द्यायची. ती दर दोन-तीन तासांनी रडायची.

माघातल्या त्या रात्री मला अजून आवडतात. खिडकी लहान, तिला दोन लाकडी गज. मुलगी अंगावर पीत असायची आणि मी खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात कृत्तिका येईपर्यंत वाट बघायची. त्या यायच्या, गजामागे जायच्या, बाहेर निघायच्या, मग हळूहळू खाली. वरच्या पट्टीत दादाचा कंदील इकडून तिकडे फिरताना दिसायचा. तो दारं धरत असायचा, म्हणजे एक सरी भरली की खोऱ्यानं मातीचा बांध घालून पाणी पुढच्या सरीत वळवायचं. पाण्याचा आवाज रात्री मोठा होतो. कोरडी माती पाणी पिताना एक बारीक सुस्कारा टाकते, तो मला बाजेवर ऐकू यायचा, किंवा यायचा असं मला वाटतं. पुंजका शेवटी क्षितिजाजवळ पिवळट होऊन नाहीसा झाला की मी म्हणायची, "आई, बुडाली." आई घोंगडी पांघरून अंगणात जायची आणि दोघांपैकी कुणाचंच नाव न घेता ओरडायची, "बुडाली रंऽ!" वरचा कंदील थांबायचा. दादा हातातली सरी अर्धी असली तरी तिथंच पाण्याचं तोंड फिरवायचा. मग खालचा कंदील हलायला लागायचा.

दोघांनी पाटाच्या तोंडाशी एकमेकांच्या जवळून जाताना कधी एक शब्द काढला नाही. कंदिलांवरून मला कळायचं. दोन्ही उजेड जवळ यायचे आणि न थांबता लांब जायचे.

आता यातली चूक वाचणाऱ्याच्या लक्षात आली असेल. कृत्तिका काही खांबाला बांधलेल्या नाहीत. त्या रोज थोड्या आधी बुडतात. आज ना उद्या त्या सांजेलाच बुडणार आणि पुढे दिसणारही नाहीत. हे आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. वैशाखात सूर्य कृत्तिकेत जातो हे आईलासुद्धा पाठ होतं. पुढे रोहिणी, मग मृग, मग पेरणी, हे तर शेतकऱ्याच्या पोराला बाराखडीच्या आधी येतं. पण ते ज्ञान पावसाच्या कप्प्यात ठेवलेलं होतं. पाण्याच्या वाटणीच्या कप्प्यात ते कुणी आणलंच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला वाटतं, माणसं अडाणीपणानं फारशी चुकत नाहीत, ठाऊक असलेली एक गोष्ट दुसरीशेजारी ठेवायची राहून जाते म्हणून चुकतात. माझीही राहून गेली होती.

फाल्गुनात माझ्या लक्षात यायला लागलं. होळीच्या सुमाराची पाळी असेल. मी आईला म्हटलं, "आई, किर्तिका लवकर बुडायला लागली गं."

आई म्हणाली, "थंडी सरली की रात लहान हुतीच की. तीबी लवकर जाती."

हे उत्तर मला त्या वेळी पटलं. रात्र लहान होते ती दोघांचीही लहान होते, एकट्या दादाची नाही, हे सुचायला मला आणखी एक पाळी लागली. तोवर चैत्र आला होता.

चैत्रात जेवणं होऊन भांडी घासून होतायत तोच कृत्तिका पश्चिमेला टेकलेल्या असत. मुलगी आता मोठी झाली होती, मी अंगणात बाज टाकून बसायची. बाज मात्र त्याच खिडकीखाली, ठरल्या जागी. चैत्रातल्या धुरळ्यात कृत्तिका बुडत नाहीत, विरतात. क्षितिजापासून चांगल्या हातभर वर असतानाच त्या दिसेनाशा होतात. मग त्या बुडाल्या म्हणायच्या की आहेत म्हणायच्या? दिसत नाही ते नाही, असं धरलं तर पाणी बापूचं. धुरळ्यामागे आहे पण दिसत नाही, असं धरलं तर अजून दादाचं. मी जमेल तितकं डोळे ताणून, नजर बाजूला ठेवून बघायची. शेवटचा ठिपका गेला की सांगायची. त्याहून वेगळं मला करता येण्यासारखं नव्हतं.

वहिनी त्या रात्रींना माझ्या बाजेशी येऊन बसायची. बोलायची नाही. मुलीच्या पायावरून हात फिरवायची आणि पश्चिमेकडे बघायची. तिला कृत्तिका ओळखता येत नव्हत्या. ती भलत्याच चांदणीकडे आशेनं बघत असायची. एकदा मात्र म्हणाली, "वन्सं, निम्म्या सऱ्या कोरड्या राहत्यात. वांगी कडू पडाया लागली. तुमचा दादा बाजारात सांगत न्हाय कुनाची हायत म्हून."

खालच्या पट्टीत बापूचा ऊस मस्तीत आला होता. बापू त्याकडे बघून खूश दिसायला हवा होता, पण तो जेवताना मान खाली घालून जेवायचा. आईनं वाढलेली वांग्याची भाजी, वहिनीनं चोरून दिलेल्या वांग्यांची, त्यानं बाजूला सारली. कडू होती म्हणून की काय, मी विचारलं नाही.

दादाला मी एकदा एकटं गाठलं. म्हटलं, "दादा, त्या वेळी अर्धी अर्धी ठरली होती. आता तुझी राहिली कुठं? तात्यांना बोलवून शब्द बदलून घे."

"शब्द म्हंजी काय घेवड्याची शेंग हाय, मोडून वाटून घ्यायाला? मीच किर्तिका म्हनलो. मीच बुडवून घेतली."

मग बापूला गाठलं. तो म्हणाला, "आक्का, मला दिसत न्हाय व्हय? मी का आंधळा हाय? पन त्यानं तोंडानं मागावं. माज्याशी बोलून मागावं. अर्धी न्हाय, सबंध रात देतो."

हे ऐकून मला दोघांच्याही श्रीमुखात द्यावीशी वाटली. एक मागणार नाही, दुसरा मागितल्याशिवाय देणार नाही, आणि मध्ये वांगी मरणार.

खरं सांगायचं तर वांगी मरतील याची मला तितकी फिकीर नव्हती. मला भीती वेगळीच होती. सासरहून निरोप आला होता की आता बाळंतिणीला पाठवा. सडकेवरून यष्टी मिळायची, पण सडकेपर्यंत गाडी हवी आणि बरोबर भाऊ हवा. पहिल्या बाळंतपणाची लेक भावानं नेऊन घालायची असते. दारात पोचवणारा भाऊ दिसला नाही तर सासरची माणसं काही बोलत नाहीत, फक्त एकमेकांकडे बघतात. दादा म्हणाला, घालवायला मी येईन, पण गाडीला दुसरा बैल हवा, तो ज्याच्या दावणीला आहे त्याचं काय ते त्यानं बघावं. बापू म्हशीला म्हणाला, थोरला कोण आहे या घरात, त्यानं बैल मागावा. शेजाऱ्याचा बैल जुंपून बहिणीला घालवणं दोघांनाही कमीपणाचं वाटत होतं. घरची जोडी दोन दावणींना रवंथ करत उभी आणि मी तिच्याकडे बघत बसलेली.

म्हणून मी राहिले. चैत्र गेला. आणि बसल्या बसल्या मला दिसायला लागलं की हे असंच चाललं तर माझी माहेरं दोन होतील, आणि दोन माहेरं म्हणजे एकही नाही. भाऊबीजेला एकाकडे जेवले तर दुसरा ते लक्षात ठेवणार. मुलीचं बारसं झालं तेव्हा दोघं अंगणाच्या दोन टोकांना उभे होते आणि पाळण्याची दोरी ओढताना मी कुणाकडे बघावं हे मला कळलं नव्हतं. मी रडले नाही. आमच्याकडे बाळंतिणीनं रडलं की दूध आटतं म्हणत. पण मला फार भीती वाटली होती एवढं आज लिहायला हरकत नाही.

दुर्बीणवाल्या मुलीनं काल वरच्या जिन्यात गाठून मला सांगितलं, "आजी, पुस्तकात दिलंय, त्या सगळ्या एकाच ढगातून जन्मल्यात म्हणे. आणि हळूहळू एकमेकींपासून लांब जाणार आहेत."

"किती हळूहळू?"

"खूपच. आपण असेपर्यंत काही होत नाही."

मी यातून बोध वगैरे काढला नाही. चांदण्या लांब जातात त्या अबोला धरून जात नाहीत. तरी जिना उतरताना वाटलं की आमच्या आईला हे सांगायला हवं होतं. ती म्हणाली असती, त्यांना आई नसंल.

वैशाखातली पहिली पाळी आली ती अमावास्येच्या आसपास. दिवसभर धग, अंगणात पाय ठेववत नव्हता. वरच्या पट्टीतली वांगी दुपारी माना टाकून उभी असायची, संध्याकाळीही उठायची नाहीत. ही पाळी चुकली तर पुढच्या पाळीपर्यंत काही राहणार नाही हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. दिवस बुडाला. कालव्याचं पाणी आलं. ठरल्याप्रमाणे ते आधी दादाच्या पट्टीला, म्हणून दादा खोरं घेऊन पाटाच्या तोंडाशी उभा राहिला. त्याचा कंदील जागचा हलत नव्हता. त्यानं पहिल्या सरीत पाणी घातलं आणि तो हाळीची वाट बघत राहिला. हाळी लगेच यायची होती हे त्याला माहीत होतं.

मी बाजेवर बसून पश्चिमेकडे पाहिलं. तिथे मावळतीचा उजेड होता आणि त्यात काहीही नव्हतं. एकही ठिपका नाही. सूर्याबरोबरच कृत्तिका गेलेल्या. शब्दाप्रमाणे सबंध रात्र बापूची झाली होती.

आईनं दारातून विचारलं, "बुडाली का गं?"

वहिनी माझ्या बाजेशी होती. तिनं मुलीच्या पायावरचा हात काढून घेतला.

मी तोंड उघडायच्या आत अंगणातून बापू बोलला. तो खोरं घेऊन खालच्या पट्टीकडे निघालेला, मध्येच थांबला होता. पश्चिमेकडे तोंड करून, म्हशीला नाही, भिंतीला नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं म्हणाला, "न्हाय अजून. दिसतीया."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. आई अंगणाच्या कडेला गेली आणि वरच्या पट्टीकडे हाळी दिली, "न्हाय रं बुडाली अजूनऽ!"

वरचा कंदील उचलला गेला. दादा कंदील डोळ्यांपासून बाजूला धरून पश्चिमेकडे बघत असावा. त्याच्या पट्टीवरून पश्चिम अगदी मोकळी दिसते हे मी मघाशी सांगितलं आहे. कितीतरी वेळ तो उजेड तसाच राहिला. मला वाटलं, आता हा खोरं टाकून घरी येणार आणि भिंतीला सांगणार की मला कुणाची भीक नको. दादा तसाच होता. आमच्या वडिलांनाही त्यानं कधी उसनं पाणी मागितलं नसतं.

कंदील खाली ठेवला गेला. मग तो पुढच्या सरीकडे सरकला.

बापू अंगणातल्या दगडावर बसला, खोरं मांडीवर घेऊन. आई झोपायला गेली नाही. काही वेळानं तिनं पुन्हा विचारलं, "आता रं?" बापू म्हणाला, "दिसतीया." तोवर पश्चिमेचा उजेड पार गेला होता, चिंचेचा आकारही काळोखात मिसळला होता. आईनं नंतरही एकदा विचारलं आणि त्यानं तेच सांगितलं, तितक्याच खात्रीनं. माझी मुलगी झोपली होती. वहिनी वरचा कंदील कोणत्या सरीवर आहे ते बघत होती, आणि एकेक सरी झाली की श्वास सोडत होती. पहिल्यांदा निम्मी पट्टी झाली, मग शेवटच्या सऱ्या राहिल्या. बापूनं एकदाही तिकडे पाहिलं नाही. तो पश्चिमेकडेच बघत होता, जणू तिथे खरंच काही होतं आणि नजर काढली तर ते बुडालं असतं.

रात्र बरोबर निम्म्यावर आली असेल. दादाला कशावरून कळलं कोण जाणे, अंदाजानंच. वरच्या पट्टीत अजून दोन-तीन सऱ्या कोरड्या होत्या, हे वहिनीनं मला नंतर सांगितलं. कंदील पाटाच्या तोंडाशी आला आणि थांबला.

मग दादाचा आवाज आला. मोठा, जरा बसलेला. किती महिन्यांनी त्यानं ते नाव घेतलं होतं.

"बापूऽ! बुडाली रं आता. ये, पाणी धर."

बापू उठला. मग म्हणाला, "आलो, दादा," आणि अंधारात पळत सुटला. खोरं अंगणातच राहिलं.